आवाजाला चौकट हवी

आखाजी जवळ आली की जळगावच्या सराफी पेढ्या नभोवाणीवरून घडणावळीतील सूट पुकारू लागतात. सण सरतो तोच कपाशीच्या बियाण्यांची पाळी येते. व्यापाऱ्याने आपल्या मालाची दवंडी पिटावी, यात आम्हांस गैर काही दिसत नाही. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या; १९७६ साली दूरदर्शननेही तीच वाट धरली. आज जळगाव-धुळ्यात खासगी एफ.एम. केंद्रे आहेत आणि केबलही घरोघर पोहोचली आहे.

व्यापाऱ्याचा हिशेबही सरळ आहे. येथे वेळ सेकंदांवर विकला जातो. राज्यभर दिसणाऱ्या वाहिनीवरील दहा सेकंद धुळ्याच्या दुकानदाराने घेतले, तर त्याचा बराच पैसा मुंबई-कोल्हापूरच्या अशा प्रेक्षकांवर खर्ची पडतो, जे त्याच्या दुकानाची पायरी कधीच चढणार नाहीत. म्हणून तो स्थानिक केंद्राकडे वळतो आणि अहिराणीतून गिऱ्हाइकाला साद घालतो. हे शहाणपणाचेच होय.

परंतु ज्या पेटीतून शेतकऱ्याने वर्षानुवर्षे पीकसल्ला ऐकला, त्याच पेटीतून आता विकत घेतलेला सल्लाही येतो. अर्धा तास प्रायोजकाचा, 'तज्ज्ञ' प्रायोजकाचा आणि शेवटी सुचविलेले औषध वा बियाणेही प्रायोजकाचेच! वृत्तपत्रातील जाहिरातीस निदान चौकट असते. आवाजाला ती नसते. सल्ला कोठे संपला आणि विक्री कोठे सुरू झाली, हे श्रोत्याने ओळखावे कसे?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. पण दंड झाला तरी हुकलेली पेरणी परत येत नाही.

आम्हीही जाहिरातींच्याच आधारे हे पत्र चालवितो. तेव्हा हा उपदेश प्रथम आम्हांलाच लागू आहे. आमची मागणी माफक आहे. प्रत्येक प्रायोजित कार्यक्रमाच्या आरंभी व अखेरीस 'ही वेळ विकत घेतलेली आहे' असे स्पष्ट सांगावे, आणि तेही ज्या बोलीत माल विकला जातो त्याच बोलीत. गल्ल्यावर बसून ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस डोळा देऊन जे सांगवणार नाही, ते व्यापाऱ्याने ध्वनिक्षेपकासमोरही सांगू नये. वेळ पैशाने मिळतो. पत मिळत नाही.