दुधाची दाढ

“दुधाचा दात आहे, आज ना उद्या पडणारच. त्याच्यावर पैसे कशाला घालवायचे?” हे वाक्य मुंब्रा-कौशापासून कल्याण-भिवंडीपर्यंत अनेक घरांत ऐकू येते. बोलणारे कधी अब्बा असतात, कधी दादी. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. दुधाचे दात पडतात, हे खरेच आहे. पण कोणता दात केव्हा पडतो, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

लहान मुलाच्या तोंडात दुधाचे २० दात असतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. मागच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर त्याच दाढेवर त्याला आणखी पाच-सहा वर्षे जेवायचे असते. रात्री गाल धरून रडणारे मूल सकाळी शाळेत काय शिकणार? शिवाय दुधाची दाढ ही खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवते. ती फार लवकर काढली, तर शेजारचे दात त्या जागेत झुकतात आणि नवा दात वाकडा येतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, दुधाची दाढ किडली तर ती डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांनी सांगितल्यास भरून घ्यावी. “पडणारच आहे” हे कारण पुरेसे नाही.

दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरतो, असे अजूनही काही लोक मानतात. पूर्वी रस्त्याच्या कडेला बसून दातातला ‘किडा’ काढून दाखवणारेही असत. ती निव्वळ हातचलाखी. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच झिजवते. चहात बुडवलेले बिस्किट दाढेच्या खाचेत चिकटून बसते, म्हणून ते गोळी-चॉकलेटइतकेच वाईट. मिसवाक करणे सुन्नत आहे आणि दात स्वच्छ ठेवण्याची ती उत्तम सवय आहे. परंतु एकदा पडलेले भोक मिसवाकने बुजत नाही, ब्रशनेही बुजत नाही. ते डॉक्टरांनाच बुजवावे लागते.

पूर्वी अशा भोकात ‘चांदी’ भरत. त्या मिश्रणात निम्मा पारा असे. आता लहान मुलांच्या दाढेत बहुधा सिमेंट भरतात. काचेची बारीक पूड आणि आम्ल यांपासून बनणारे हे सिमेंट ब्रिटनमधील विल्सन आणि केंट या शास्त्रज्ञांनी १९७२ च्या सुमारास पुढे आणले. ते दाताला स्वतःच चिकटते. भोक लहान असेल तर पुष्कळदा इंजेक्शनचीही गरज पडत नाही.

तरीही मुले घाबरतात. का? कारण आपणच त्यांना घाबरवतो. “जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील,” असे वर्षभर सांगायचे आणि एके दिवशी त्याच डॉक्टरांसमोर नेऊन बसवायचे! दुसरे टोक म्हणजे “काहीच होणार नाही” असे खोटे सांगणे. मुलाला थोडे जरी दुखले, तरी त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो. मुलांचे दात पाहणारे चांगले डॉक्टर आधी सांगतात, मग दाखवतात आणि मगच करतात. यंत्रातून पाणी कसे उडते, ते मुलाच्या तळहातावर दाखवतात. “दुखले तर डावा हात वर कर, मी थांबेन,” असे सांगतात आणि खरोखर थांबतात. घरच्यांनीही एवढाच खरेपणा पाळावा.

मित्रांनो, हे मी तुम्हांला का सांगत आहे? अम्मीला घरकामातून आणि अब्बांना कारखान्यातून सवड मिळत नाही, तेव्हा धाकट्या भावंडाला दवाखान्यात नेण्याचे काम तुमच्यावरच येते. आमच्या शाळेतील नववीची एक मुलगी आपल्या पाच वर्षांच्या भावाला घेऊन मुंब्र्याहून ठाण्याला गेली होती. डॉक्टरबाईंनी विचारले, “दाढ ठणकते का? की नुसती शिवशिवते?” दाढ हा शब्द तिला उर्दूतूनही ठाऊक होता. पुढचे दोन मात्र नवे होते. तिने न लाजता अर्थ विचारला. टीस उठणे म्हणजे ठणकणे, आणि थंड पाण्याने झिणझिणते ते शिवशिवणे. भावाला विचारून तिने उत्तर दिले, “गार पाण्याने शिवशिवते, रात्री ठणकत नाही.” या उत्तराचा डॉक्टरांना फार उपयोग होतो. रात्री आपोआप ठणकणारी दाढ आतल्या नसेपर्यंत किडलेली असण्याचा संभव असतो. तिला नुसते सिमेंट पुरत नाही. मराठीचे असे दोन शब्द मला व्याकरणाच्या दोन गुणांपेक्षा मोलाचे वाटतात.

या विद्येशी आपला जुना संबंध आहे. भारतातील पहिले दंत महाविद्यालय कलकत्त्यात १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी स्थापन केले. ते अमेरिकेत शिकून आले होते. महाविद्यालयाच्या खर्चासाठी त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे दुकान काढले. गोड पेयांच्या पैशांतून दातांचे डॉक्टर घडले, ही मोठी गंमतच!

खर्चाचा प्रश्न खराच आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालयाचे आहे. तेथे खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी येतो. पण कल्याणहून लोकलने जाऊन येण्यात दिवस जातो आणि रोजंदारीवरच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून उपचार वस्तीजवळच मिळायला हवेत. बालकांच्या आरोग्य तपासणीची राष्ट्रीय योजना २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या योजनेत दातांचीही तपासणी होते. मात्र तपासणीची चिठ्ठी पुष्कळदा दप्तरातच चुरगळून जाते. घरी ती वाचून दाखवणारे तुम्हीच असू शकता.

घरात सहा-सात वर्षांचे भावंड असेल, तर त्याला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा. खालच्या जबड्याच्या मध्यापासून एका बाजूचे दात मोजा. दुधाचे दात पाचच असतात. त्यांच्या मागे सहावी दाढ दिसली, तर ती दुधाची नाही. कोणताही दात न पडता ती गुपचूप येते, म्हणून घरचे तिलाही दुधाची समजतात. तिच्यावर काळा डाग असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ती पडली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.