मेंदूज्वर : घातक कोण, विषाणू की मेंदूचाच प्रतिकार?

भातखाचरांत पाणी साचून डासांची पैदास वाढली की उत्तर प्रदेशचा पूर्व भाग, बिहार आणि आसाम येथे जपानी मेंदूज्वराची भीती पसरते. २००५ साली गोरखपूर परिसरातील साथीने एक हजाराहून अधिक बळी घेतले. त्यांत बहुसंख्य मुले होती. त्यानंतर २००६ पासून चिनी बनावटीच्या लशीने मोहीम सुरू झाली. २०१३ मध्ये भारतीय लसही उपलब्ध झाली. कर्नाटकातील कोलार येथे सापडलेल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने अभ्यासलेल्या विषाणूपासून ती तयार झाली आहे. लसीकरणाने आजाराला बराच आवर बसला. मात्र ज्या मुलाला आजार जडला, त्याच्यासाठी विषाणूवर थेट मारा करणारे औषध आजही नाही. लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते.

औषध का सापडत नाही, या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञ उंदरांच्या मेंदूत शोधत आहेत. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात; पण कोणत्या वेळी कोणती जनुके कार्यरत होतात, यावर पेशीचे वर्तन ठरते. कार्यरत जनुकाच्या आरएनए प्रती तयार होतात. त्या मोजल्या की पेशी नेमके काय करीत आहे, याचा अंदाज येतो. विषाणूची बाधा झालेल्या उंदरांच्या मेंदूची अशी मोजणी वेगवेगळ्या दिवशी केली असता एक ठळक चित्र दिसते. इंटरफेरॉनशी निगडित संरक्षक जनुके आणि रक्तातील पांढऱ्या पेशींना मेंदूत पाचारण करणारी जनुके वेगाने सक्रिय होतात. त्याच वेळी मज्जापेशींमधील संदेशवहनाची अनेक जनुके मंदावतात. मेंदू आपले नेहमीचे काम बाजूला ठेवून युद्धाला उभा राहतो, असेच म्हणावे लागेल.

या युद्धात मेंदूचे पहारेकरीच कधी कधी घरावर उलटतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील अभ्यासात, मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींनी सोडलेल्या दाहकारक द्रव्यांमुळे मज्जापेशी मरतात, असे दिसून आले. डासांमार्फतच पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूबाबत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले अमेरिकेतील संशोधन याहून बोलके आहे. आजारातून वाचलेल्या उंदरांची स्मरणशक्ती क्षीण झाली होती. त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागात ‘कॉम्प्लिमेंट’ या संरक्षक प्रथिनांची जनुके सक्रिय होती आणि मायक्रोग्लिया मज्जापेशींमधील जोडच काढून टाकीत होत्या. या प्रथिनसाखळीतील कळीचे जनुक नसलेल्या उंदरांत ही हानी टळली.

मग प्रतिकार दाबून टाकावा, हा उपाय वरकरणी सोपा वाटतो. परंतु अनुभव वेगळा आहे. दाह कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनची थायलंडमध्ये चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. लाभ दिसला नाही. याउलट प्रतिकार वाढविणारे इंटरफेरॉन व्हिएतनाममधील ११२ मुलांवरील चाचणीत आजमावण्यात आले. २००३ मधील तो निष्कर्षही निराशाजनकच होता. दोन्ही परस्परविरोधी मार्ग निष्फळ ठरावेत, यातच या कोड्याचे मर्म असावे. इंटरफेरॉनला प्रतिसाद न देणारे उंदीर विषाणूला लवकर बळी पडतात. म्हणजे आरंभी प्रतिकार अत्यावश्यक असतो. तोच पुढे अनावर झाला की घात करतो. तेव्हा प्रश्न केवळ औषधाचा नसून वेळेचाही आहे. मूल रुग्णालयात पोहोचते, तोपर्यंत बहुधा विषाणू मेंदूत शिरलेला आणि दाह पेटलेला असतो.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. प्रयोगातील उंदरांना ठराविक दिवशी, ठराविक मात्रेत विषाणू टोचला जातो. खेड्यातील मुलाला डास कधी चावला, हे कोणालाच ठाऊक नसते. मिनोसायक्लिन या जुन्या, स्वस्त प्रतिजैविकाने उंदरांचे प्राण वाचविले. मात्र तीव्र मेंदूज्वराच्या रुग्णांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत मृत्यू घटण्याचा कल दिसूनही तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही.

या संशोधनाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. आजाराच्या कोणत्या टप्प्यावर कोणती जनुके सक्रिय असतात, हे कळल्याशिवाय औषध केव्हा द्यावे, हे ठरणार नाही. तोवर लसीकरणात एकही गाव सुटू न देणे आणि तापाचे मूल पहिल्या झटक्याआधी आरोग्य केंद्रात आणणे, हेच खरे उपाय होत. वेस्ट नाईलचे उंदीर आणखी एक इशारा देतात. जीव वाचला तरी मेंदूतील हानी थांबलीच, असे नाही. रुग्णालयातून घरी गेलेल्या मुलाच्या स्मरणशक्तीची आणि शिक्षणाची पुढील काही वर्षे नोंद ठेवणे, हाही उपचाराचाच भाग मानला गेला पाहिजे.