संगीत थोडं थांबवू या

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचावर आणि मंगळूरचा किनारा इथून साडेतीनशे किलोमीटरवर. इथल्या बहुतेक मुलांना समुद्र पहिल्यांदा भेटतो तो पडद्यावरच. जानेवारी २०२० मध्ये अमोघवर्ष आणि कल्याण वर्मा यांचा ‘वाइल्ड कर्नाटक’ थिएटरांत लागला, तेव्हा निसर्गपटासाठी लोक तिकीट काढतात हेही दिसलं. त्यामुळे ती पहिली भेट कशी घडवायची, ही आपली, निसर्गपट करणाऱ्यांची, जबाबदारी.

पाण्याखालची दृश्यं आपण उत्तम टिपतो. आवाज मात्र बहुतेकदा स्टुडिओत तयार करून चिकटवतो आणि वर व्हायोलिन ओततो. कुस्तो आणि लुई माल यांच्या १९५६च्या चित्रपटाच्या नावातच समुद्राला ‘मौनाचं जग’ म्हटलं होतं. तो समज आपल्या मिक्सिंगच्या टेबलावरून अजून हललेला नाही.

एकदा मुरुडेश्वरसमोर, नेत्राणी बेटाच्या वाटेवर, बोटीचं इंजिन बंद करून हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडला. हेडफोनमध्ये तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज, अखंड. बोटभर लांबीची कोळंबी नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटतो त्याचा हा आवाज. तेच रेकॉर्डिंग इथल्या एका वर्गात ऐकवलं. मुलं म्हणाली, पाऊस पडतोय. खरं सांगितल्यावर एका मुलीनं विचारलं, “आत्ताही चालू असेल?” कुठल्याही शार्कच्या दृश्यानंतर असा प्रश्न मी ऐकलेला नाही.

नुसत्या आवाजानं काय घडू शकतं, ते याआधीही दिसलंय. १९७० साली रॉजर पेन यांनी हम्पबॅक देवमाशांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. देवमासे वाचवण्याच्या चळवळीला तिनं बळ दिलं, आणि १९८२ मध्ये व्यावसायिक शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव झाला. हेच देवमासे आपल्या अरबी समुद्रातही गातात, आणि इथले तर ध्रुवाकडे जातही नाहीत, बारमाही इथलेच. आपल्या किती कार्यक्रमांत ते ऐकू आले?

म्हणून आग्रहाची विनंती: किनाऱ्यावर निघालेल्या प्रत्येक युनिटनं हायड्रोफोन न्यावा. एपिसोडमध्ये अर्धा मिनिट तरी संगीत आणि निवेदन दोन्ही थांबवावं. आवाज स्टुडिओतला असेल तर श्रेयनामावलीत तसं लिहावं.

आणखी एक. ज्या बोतासाठी घोळ माशाला बाजारात एवढा भाव येतो, त्याच हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून तो ढोलासारखा घुमतो. आपल्या किनाऱ्यावरचं ते घुमणं कुणी टिपलं असेल तर आम्हाला जरूर पाठवा. आमच्या संग्रहात ते नाही.