परसातला पाऊस

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात टूसॉन नावाचे शहर आहे. भोवती सोनोरन वाळवंट. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आणि वर्षाचा पाऊस अवघा २८० मिलिमीटरच्या आसपास. तरीही माणसाला घरामागचे परस हिरवे हवेच असते. तिथल्या लोकांनी हौसेने हिरवळ लावली. तिला आधी जमिनीतले पाणी उपसले. ते खोल खोल गेले तेव्हा कोलोराडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्याने, पंपांनी चढावर चढवून आणले. ज्यांना बिल परवडेना त्यांनी प्लॅस्टिक अंथरून वर खडी टाकली. ही खडी रात्रीसुद्धा तापलेली राहते, आणि शेजारची खोलीही तिच्याबरोबर तापते.

गंमत अशी की, हिरवळ असो वा खडी, परसाचा उतार रस्त्याकडेच. जो काही पाऊस पडे तो घराबाहेर.

आम्ही पडलो कारकून, म्हणून जमाखर्च मांडून पाहिला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर त्या कोरड्या गावातही वर्षाला २८,००० लिटर जमा होतात! ही जमा खात्यावर घ्यायचीच नाही आणि पाणी मात्र विकत आणायचे, असा तो कारभार होता.

त्याच गावचे ब्रॅड लँकेस्टर १९९५ साली आफ्रिकेत झिंबाब्वेला गेले. तेथे त्यांना झेफनाया फिरी मासेको भेटले. वाचकहो, या माणसाची हकिगत आपण सर्वांनी ऐकावी. ते रेल्वेत नोकरीला होते. तेव्हाच्या रोडेशियातील गोऱ्या सरकारविरुद्ध चळवळीत भाग घेतला म्हणून १९६४ साली त्यांची नोकरी गेली. पुन्हा कुठे काम मिळणार नाही, असेही बजावले गेले. आठ माणसांचे कुटुंब आणि हाताशी तीन हेक्टर धुपलेली जमीन! पाऊस सरासरी ५७० मिलिमीटर. आमच्या दुष्काळी तालुक्यांतल्या वाचकांना हा आकडा परका नाही. जमिनीच्या डोक्यावर उघडा कातळ होता, त्यावरून पाणी धावत येई आणि माती घेऊन जाई. मासेकोंनी वरूनच सुरुवात केली. दगडांचे बुटके बांध घालून पाण्याची धाव मोडली, खाली चर आणि खड्डे खणून ते जिरवले. हळूहळू विहिरींना पाणी लागले.

हे पाहून आलेल्या लँकेस्टर यांनी भावाबरोबर आपल्या लहानशा परसात तेच केले. चालायची वाट उंच आणि झाडांची जागा खोलगट. आपल्याकडे आळे करतात तसेच, फक्त आळे मोठे. छपराच्या पन्हळीचे पाणी आळ्यात, मोरीचे पाणी झाडांना, वर पालापाचोळ्याचा जाड थर. आळे भिंतीपासून तीन मीटर दूर ठेवायचे, नाहीतर पायाला ओल लागते. पाणी दिवसभरात जिरले पाहिजे, नाहीतर डास. झाडेही तिथलीच लावली. त्यातले मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. आपण हिला शिव्या देतो. तिथे तिच्या गोड शेंगा दळून पीठ करतात आणि पश्चिमेच्या उन्हाला तिची सावली धरतात.

पुढे त्यांनी रस्त्याच्या कडेचा काँक्रीटचा कठडा कापून रस्त्यावरचे पाणीही झाडांकडे वळवले. तेव्हा ते बेकायदा होते. नंतर पालिकेने परवानगी दिली. २००८ साली तर नियमच केला, की नव्या व्यापारी इमारतींनी बागेचे निम्मे पाणी पावसाचे वापरावे.

मासेको २०१५ साली वारले. तोवर त्यांच्या तीन हेक्टरांवर देशोदेशीची माणसे खड्डे बघायला येत होती.