मूळ नोंद अखंड राहावी

ग्रंथालयांत संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. कार्डांचे खण रिकामे झाले आणि ग्रंथांच्या नोंदी यंत्रात गेल्या. त्या तेथे कोणत्या रूपाने ठेवाव्यात, हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न आहे असे समजून ग्रंथालयांनी त्याकडे पाठ फिरवणे मात्र योग्य नव्हे. उद्याच्या वाचकाला काय सापडेल आणि काय सापडणार नाही, हे त्यावरच अवलंबून असते.

माहिती ठेवण्याच्या दोन रीती येथे समोरासमोर येतात. पहिली रीत तक्त्यांची. आय.बी.एम. मधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली तिची उपपत्ती मांडली. सर्व माहिती ओळी व रकाने असलेल्या तक्त्यांत ठेवावयाची, प्रत्येक घरात एकच मूल्य लिहावयाचे आणि समान मूल्यांच्या आधारे तक्त्यांची सांगड घालावयाची, असे तिचे सूत्र आहे. अशा साठ्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. दुसरी रीत एक्स.एम.एल. ची. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९८ साली तिला मान्यता दिली. तीत मजकुराच्या प्रत्येक भागाच्या आरंभी व शेवटी खुणा घालून तो भाग कशाचा आहे हे सांगतात. एका भागाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा, अशी ही रचना झाडासारखी फुटत जाते.

ग्रंथाची नोंद ही स्वभावतः झाडाच्याच जातीची होय. मार्क २१ ह्या सर्वत्र रूढ असलेल्या नमुन्यात मुख्य ग्रंथकार १०० ह्या क्षेत्रात, शीर्षक २४५ मध्ये, विषय ६५० मध्ये आणि संपादक, अनुवादक आदी इतर व्यक्ती ७०० मध्ये लिहितात. विषयांची व इतर व्यक्तींची क्षेत्रे लागतील तितक्या वेळा येऊ शकतात. शीर्षकाबरोबर एक अंकही असतो. अनुक्रम लावताना आरंभीची किती अक्षरे सोडावयाची, ते तो सांगतो. २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ह्याच नोंदीचा एक्स.एम.एल. मधील आराखडा सिद्ध केला.

अशी नोंद तक्त्यात ठेवताना पहिला मोह होतो तो तिचे तुकडे करण्याचा. शीर्षक, ग्रंथकार आणि वर्ष यांचे रकाने भरले व उरलेले टाकून दिले, की काम सुटसुटीत होते. परंतु ग्रंथाला एक लेखक, दोन संपादक आणि एक अनुवादक असेल, तर ‘ग्रंथकार’ ह्या रकान्यात लेखकाचेच नाव बसते आणि अनुवादक नाहीसा होतो. पुढे त्या अनुवादकाचे सर्व ग्रंथ मागणाऱ्या वाचकाला ग्रंथालय ‘नाही’ असे उत्तर देते. ग्रंथ मात्र कपाटातच असतो. प्रत्येक क्षेत्रासाठी स्वतंत्र तक्ता करता येतो हे खरे; तथापि मग एकच नोंद पुन्हा उभी करण्यास अनेक तक्ते जोडावे लागतात, आणि क्षेत्रांचा क्रम निराळा लिहून ठेवला नाही तर तोही हरवतो.

संपूर्ण नोंद एका घरात कोंबून स्वस्थ बसणे, हे दुसरे टोक. त्यात काही हरवत नाही, पण प्रत्येक प्रश्नासाठी यंत्राला एकेक नोंद उघडून वाचावी लागते. लाख ग्रंथ असले तर लाख नोंदी.

ह्या दोहोंमधला मार्ग कोहा ह्या प्रणालीत दिसतो. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि २००० साली वापरात आलेली ही मुक्त प्रणाली भारतातील अनेक ग्रंथालयांत चालते. तीत संपूर्ण नोंद एक्स.एम.एल. च्या रूपाने तक्त्याच्या एका रकान्यात अखंड राहते, आणि वारंवार लागणारे शीर्षक, ग्रंथकार आदी भाग निराळ्या रकान्यांत उतरवलेले असतात. ग्रंथशोधासाठी स्वतंत्र शोधयंत्र असते. क्वचित विचारला जाणारा प्रश्न आला, तर अहवाल तयार करताना मूळ नोंदीतून नेमके क्षेत्र काढता येते. उत्तर सावकाश मिळते, पण मिळते.

एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिणे कॉड यांच्या शिकवणीस धरून नाही, असा आक्षेप येथे येईल. तो निराधार नाही. दोन प्रती स्वतंत्रपणे दुरुस्त होऊ लागल्या, की खरी कोणती ते कळेनासे होते. म्हणून एक शिस्त अपरिहार्य ठरते. मूळ नोंद हीच प्रमाण. रकाने ही तिची छाया. दुरुस्ती मुळात करावी आणि रकाने यंत्राने त्यावरून पुन्हा भरावेत. कोणी घाईने केवळ रकान्यातील शीर्षक सुधारले, तर नोंद पुढच्या वेळी जतन होताच मुळातील जुनी चूक परत येते.

नवी प्रणाली घेताना ग्रंथालयाने विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. दिलेली नोंद पूर्ण ठेवली जाते काय? आणि ती तशीच पूर्ण परत मिळते काय? प्रणाली बदलतात, नोंदी मात्र पुढच्या पिढीला द्यावयाच्या असतात. मूळ नोंद हाती असेल तर हवे ते रकाने केव्हाही नव्याने भरता येतील. टाकून दिलेला अनुवादक मात्र कोणत्याही रकान्यातून परत येणार नाही.