झडप स्वदेशी, पण हात?

डिसेंबर १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत भारतीय बनावटीची कृत्रिम झडप प्रथमच एका रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या साधनेत आधीचे तीन आराखडे फसले होते. चौथा यशस्वी ठरला. आज लाखाहून अधिक रुग्णांच्या छातीत ती झडप बसली आहे. पुढचा टप्पाही भारताने गाठला. छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून झडप हृदयापर्यंत नेण्याची किमया फ्रान्सच्या रूआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये केली. तशी झडप आता गुजरातमधील वापी येथे तयार होते आणि २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीच्या ३० दिवसांच्या निष्कर्षांत ती प्रस्थापित परदेशी झडपांपेक्षा उणी ठरली नाही.

साधन घडले. पण ते वापरणारे हात घडवण्याची व्यवस्था कोठे आहे?

अँजिओप्लास्टी करणारा प्रत्येक डॉक्टर हे काम करू शकेल, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. स्टेंट बसतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत. झडपा आणि हृदयातील पडदे यांचे दोष, म्हणजेच ‘स्ट्रक्चरल’ आजार, हे निराळे क्षेत्र आहे. येथे डॉक्टरला धडधडत्या हृदयाच्या आत काम करावे लागते. सीटी स्कॅनवरून मोजमाप घेताना झडप लहान निवडली तर कडेने रक्त गळते; मोठी निवडली तर मूळ कडेच फाटण्याचा धोका असतो. दोन अलिंदांमधील पडद्याला छिद्र पाडताना सुई थोडी सरकली, तरी रुग्णाच्या जिवावर बेतते. ही जाण पुस्तकातून येत नाही. ती गुरूच्या शेजारी उभे राहूनच येते.

विशेष म्हणजे, पडदा भेदण्याची ही विद्या भारतीय डॉक्टरांना गरिबांच्या आजाराने शिकवली. बालपणी घसा दुखून येतो, दाटीवाटीच्या वस्तीत उपचार राहून जातात, पुढे ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि द्विदल झडप आकसते. अनेक तरुणींचा हा आजार गरोदरपणातील धापेमुळेच प्रथम लक्षात येतो. जपानच्या डॉ. कांजी इनोऊए यांनी १९८२ मध्ये फुग्याने ही झडप उघडण्याची पद्धत काढली आणि आपल्या सरकारी रुग्णालयांतील डॉक्टर तीत पारंगत झाले. झडपेला चिमटा लावण्याच्या आजच्या महागड्या उपचारातही पडदा तसाच भेदावा लागतो. ज्या रुग्णांवर ही विद्या घडली, तिच्या पुढच्या शाखा केवळ ऐपतदारांच्या कामी याव्यात, हे न्यायाला धरून नाही.

एमबीबीएस, एमडी आणि डीएम मिळून डॉक्टरची साडेअकरा वर्षे जातात. अमेरिकेत हृदयरोगाच्या तीन आणि इंटरव्हेन्शनल शाखेच्या एका वर्षानंतर या विषयासाठी आणखी एक वर्ष देण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजीची फेलोशिप आहे. पण झडपांच्या उपचारांना त्यापुढचे स्वतंत्र शिक्षण हवे. ही उणीव उत्पादक कंपन्यांच्या कार्यशाळांनी आणि त्यांनी पाठवलेल्या मार्गदर्शकांनी भरून काढायची, हा मार्ग पुरेसा नाही. कंपनी आपले उपकरण उत्तम शिकवील. पण या रुग्णाला ते नकोच, शस्त्रक्रियाच बरी, हे कोण शिकवणार?

म्हणून अशा फेलोशिपच्या जागा प्रथम मोठ्या सरकारी रुग्णालयांत निर्माण व्हाव्यात. रुग्णांची संख्या तेथे आहे. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि इको तपासणारे यांच्यासोबत एकत्र निर्णय घेण्याची शिस्तही तेथेच लावता येईल. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने किती उपचार पाहिले, किती स्वतः केले आणि त्या रुग्णांचे वर्षभराने काय झाले, याची नोंद सक्तीची असावी. परीक्षा घेणारे शिकवणाऱ्यांहून वेगळे असावेत. सरकारी खर्चाने शिकलेल्याने काही काळ जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा द्यावी.

झडप घडवताना तीनदा अपयश पचवून चौथ्यांदा उभे राहण्याचा धीर या देशाने दाखवला. हात घडवण्याला त्याहून कमी धीर पुरणार नाही. कारखान्याचे यश डब्यांच्या संख्येत मोजता येते. वैद्यकाचे यश खेड्यातील एखादी माता धाप न लागता पुन्हा पाणी भरू लागते, त्यात असते.