विश्लेषण : चंद्रपूर-गडचिरोलीत डोळा वाचणे वेळेवर का अवलंबून? गंभीर दुखापती आणि दृष्टिपटलाच्या आजारांचे वास्तव काय?

धानाची कापणी-मळणी, तेंदूपत्ता संकलन, बांबूतोड ही चंद्रपूर आणि गडचिरोलीतील हजारो कुटुंबांच्या पोटापाण्याची कामे. याच कामांत डोळ्याला धानाचे पाते लागते, काडी टोचते, फांदीचा फटका बसतो. अशा दुखापतींवर आणि दृष्टिपटलाच्या म्हणजे रेटिनाच्या आजारांवर आज परिणामकारक उपचार आहेत. मात्र ते कोणत्या टप्प्यावर मिळतात, यावर नजर वाचणार की नाही हे ठरते. जंगलपट्ट्यात नेमकी इथेच अडचण आहे.

मोतीबिंदूपेक्षा हा प्रश्न वेगळा कसा?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याचा मोठा भर मोतीबिंदूवर राहिला आणि ते स्वाभाविकही होते. २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांमधील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच आढळले. मोतीबिंदूचा रुग्ण काही आठवडे थांबला तरी शस्त्रक्रियेनंतर त्याला सहसा दिसू लागते. शिबिरांची पद्धत त्यामुळेच चालली.

पन्नाशीच्या आतील वयोगटात चित्र बदलते. त्याच सर्वेक्षणानुसार या गटात अंधत्वाचे सर्वात मोठे कारण बुबुळावरील पारदर्शक पडदा पांढरा पडणे, म्हणजे बोलीभाषेत ‘डोळ्यात फूल पडणे’ हे होते. ट्रॅकोमा वगळून अशा फुलांचे प्रमाण ३७.५ टक्के होते. जखम आणि जंतुसंसर्ग ही त्यामागची प्रमुख कारणे. इथे शिबिराची वाट पाहता येत नाही. कमावत्या वयातील माणसाचा डोळा काही दिवसांत जाऊ शकतो.

या भागात डोळ्याला इजा कशाने होते?

पहिले कारण शेती. धानाचे पाते किंवा कुसळ बुबुळावर बारीक ओरखडा काढते आणि पात्यावरील बुरशी जखमेत शिरते. बुरशीचा व्रण सुरुवातीला फारसा दुखत नाही, त्यामुळे दुर्लक्ष होते. दुसरे कारण जंगलातील कामे : काटा, बांबूची चिंबळी, उसळलेली फांदी. तिसरे कारण लोखंडाचे काम. छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला कण डोळ्याच्या आत शिरू शकतो आणि बाहेरून जखम दिसतही नाही. कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, सूरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा प्रकल्प यांमुळे धातूशी संबंधित कामे या पट्ट्यात वाढत आहेत. संरक्षक चष्म्याचा प्रश्न त्यामुळे केवळ कारखान्यापुरता उरत नाही, गावातल्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत येतो.

चौथे कारण घरातले आहे. खर्रा आणि तंबाखूसाठी लागणाऱ्या चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुलाने दाबली की चुना थेट डोळ्यात उडतो. चुना हा तीव्र अल्कली असल्याने तो बुबुळाच्या आतपर्यंत झिरपत जातो.

वेळेचा फरक किती पडतो?

याचे ठोस उत्तर नेपाळमधील भक्तपूर येथील अभ्यासाने दिले. तेथे सुमारे ३५ हजार लोकवस्तीत गावातील स्वयंसेवकांना बुबुळावरील ओरखडा ओळखण्याचे आणि क्लोरॅम्फेनिकॉल मलम देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखापतीनंतर १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांना संसर्ग झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ पैकी १४ जणांना, म्हणजे २८.६ टक्के रुग्णांना संसर्ग झाला. औषध एकच, फक्त उशीर वेगळा.

मात्र या आकड्यांवरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. नेपाळमध्येच नंतर झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत (२०२२) स्वयंसेवक असलेल्या आणि नसलेल्या गावांमध्ये व्रणांच्या एकूण प्रमाणात फरक दिसला नाही. केवळ मलम वाटून काम भागत नाही, जखमी माणूस त्या स्वयंसेवकापर्यंत त्याच दिवशी पोहोचला पाहिजे आणि पुढची तपासणीही व्हायला हवी.

बुरशीचा व्रण झाल्यावर नॅटामायसिन थेंब हे प्रमुख औषध आहे. ते सुरुवातीला जागेपणी दर तासाला आणि पुढे काही आठवडे घालावे लागते. अडचण अशी की, अनेक रुग्ण आधी औषध दुकानातून ‘लाली कमी करणारे’ थेंब घेतात. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली उतरते, पण बुरशी वाढते. आठवडाभराने डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत बुबुळ पातळ झालेले असते.

डोळा फुटल्यास निकाल कशावर ठरतो?

डोळ्याला आरपार जखम झाल्यास नजर किती परतेल याचा अंदाज बांधण्यासाठी जगभर एक गुणपद्धती वापरली जाते. अमेरिका आणि हंगेरीतील अडीच हजारांहून अधिक दुखापतींच्या नोंदींवरून ती २००२ मध्ये तयार झाली. पहिल्या तपासणीत असलेल्या नजरेला ६० ते १०० गुण मिळतात. मग डोळा फुटला असल्यास २३, आत जंतुसंसर्ग झाल्यास १७, दृष्टिपटल सुटले असल्यास ११ असे गुण वजा होतात.

समजा, एका मजुराला पहिल्या तपासणीत फक्त हाताची हालचाल दिसते. त्याचे ७० गुण. वजावटीचे काही नसेल तर या गटात डोळा पूर्ण आंधळा होण्याचे प्रमाण सुमारे २ टक्के आणि जवळपास सामान्य नजर मिळण्याचे ४४ टक्के असते. हाच डोळा संसर्ग होऊन आला तर गुण ५३ होतात. मग पूर्ण अंधत्वाचे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास जाते आणि चांगली नजर मिळण्याचे १५ टक्क्यांवर येते. हा एकेका रुग्णाचा भविष्यनिर्णय नव्हे, गटाचा अंदाज आहे. पण जखम २४ तासांच्या आत शिवण्याचा आग्रह डॉक्टर का धरतात, हे त्यातून कळते. लोखंडाच्या जखमेचे नशीब बदलता येत नाही, संसर्ग मात्र बऱ्याचदा टाळता येतो.

सिकलसेलचा डोळ्याशी संबंध काय?

पूर्व विदर्भातील आदिवासी आणि काही अन्य समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होऊन तेथे नव्या, नाजूक वाहिन्या फुटू शकतात. त्यातून रक्तस्राव होतो किंवा दृष्टिपटल सुटते.

कमी माहीत असलेला धोका वाहकांना आहे. एरवी निरोगी असलेल्या सिकलसेल वाहकाच्या डोळ्याला मार लागून पुढच्या भागात रक्त साचले, तर कमी प्राणवायूमुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि पाणी वाहून जाण्याचा मार्ग अडवतात. डोळ्यातला दाब वाढतो. अशा व्यक्तीत मध्यम दाबही नेत्रमज्जेला इजा करू शकतो. शिवाय दाब उतरवण्यासाठी नेहमी दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषध पेशी विळ्यासारख्या होण्याची प्रक्रिया वाढवू शकते. त्यामुळे डोळ्याला मार लागलेल्या रुग्णाला ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. त्या तपासणीचे कार्ड नेत्र विभागातही पाहिले गेले तर एक मोठा धोका टळेल.

दृष्टिपटलाच्या आजारांत यश किती?

वेळेत आल्यास बरेच. मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडल्यास लेझरने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे १९७० च्या दशकातील अमेरिकी चाचणीतच सिद्ध झाले. आता डोळ्यात देण्याची इंजेक्शनेही आहेत. पण हा आजार सुरुवातीला कोणतीही तक्रार देत नाही. मधुमेहींनी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घेणे हाच उपाय आहे.

सुटलेले दृष्टिपटल पहिल्याच शस्त्रक्रियेत बहुसंख्य रुग्णांत पुन्हा चिकटते. तरीही दृष्टिपटलाचा मध्यबिंदू आधीच सुटला असेल तर नजर पूर्ण परतण्याची शक्यता कमी होते. डोळ्यापुढे अचानक ठिपके, वीज चमकल्याचा भास किंवा बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे ही तातडीची लक्षणे आहेत.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगासमोर आले. कमी वजनाची बाळे वाचू लागली की त्यांची नजर वाचवणे हे पुढचे काम ठरते. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे दृष्टिपटल ३० दिवसांच्या आत तपासले पाहिजे.

अडचण नेमकी कुठे येते?

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तर २०११ ची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार. सिरोंचा जिल्हा मुख्यालयापासून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे आणि तेथून नागपूर आणखी पावणेदोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. चंद्रपुरातही जिवतीच्या पहाडावरील गावांची स्थिती फार वेगळी नाही. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून रुग्णसेवा देत आहे. तरीही दृष्टिपटलाच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेकदा नागपूरची वाट धरावी लागते.

दुसरी अडचण मजुरीची. हंगामात एक दिवस बुडवणे परवडत नाही. फेब्रुवारीपासून अनेक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. व्रणाचे थेंब किंवा महिन्या-महिन्याची इंजेक्शने तिथेच खंडित होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागू शकतो, पण बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा खर्च घरालाच सोसावा लागतो.

काय करता येईल?

आशा सेविका आणि नेत्रचिकित्सा अधिकारी यांना बुबुळावरील ओरखडा रंगद्रव्याच्या पट्टीने ओळखता येतो. ही पट्टी, प्रतिजैविक मलम आणि नॅटामायसिन ग्रामीण रुग्णालयांत धान कापणीच्या हंगामाआधी पोहोचले पाहिजे. दृष्टिपटलाचे छायाचित्र काढून ते दूरच्या तज्ज्ञाला दाखवणेही शक्य आहे. सर्वात महत्त्वाचे म्हणजे नोंदी. किती शस्त्रक्रिया झाल्या हे मोजले जाते. दुखापत ते पहिला उपचार किती तास गेले आणि तीन महिन्यांनी रुग्णाला किती दिसत होते, हेही लिहिले गेले तर डोळे कुठल्या टप्प्यावर जातात ते तालुकावार कळेल.

दुखापत झाल्यास लगेच काय करावे?

चुना किंवा रसायन गेल्यास जागेवरच स्वच्छ पाण्याने किमान अर्धा तास डोळा धुवावा, मगच दवाखान्याकडे निघावे. डोळ्यात काही रुतले असल्यास ते उपसू नये, डोळा धुऊ किंवा दाबू नये. कागदी कपासारखे टणक झाकण लावून थेट रुग्णालय गाठावे, गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाते किंवा काडी लागल्यास डोळा चोळू नये, झाडपाल्याचा रस किंवा दुकानातील थेंब घालू नयेत आणि दुखत नसले तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे.